दहा सेकंदांचं इंजिन

माझं इंजिन दहा सेकंद चालायचं. कधी नऊ, कधी अकरा, पण त्यापुढे नाही. चक्राला दोरी गुंडाळून ओढली की ते कर्कश ओरडायचं, निळसर धूर सोडायचं आणि आता हे चालतंच राहणार असं वाटून मी मान वर करेपर्यंत गप्प व्हायचं. आकाराने मुठीएवढं. अडीच सीसीचं, दोन-स्ट्रोक, स्वतःच्या हाताने केलेलं. निदान मी तसं सांगत असे. सिलिंडर आणि पिस्टन मी केले नव्हते, ते सोनईच्या मिस्त्रींनी करून दिले होते, आणि ही सगळी हकिगत त्या दोन तुकड्यांचीच आहे.

हायस्कुलात मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. इंजिनाची आकृती मी डोळे मिटून फळ्यावर काढायचो. सिलिंडर, दट्ट्या, झडपा, चार बाण. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही आतून बघितलंय का कधी?" मी तिला खाली बस म्हणालो. खरं उत्तर 'नाही' असं होतं आणि ते मला फार वर्षं टोचत राहिलं. निवृत्त झालो, श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला घरी परत आलो आणि पहिल्याच महिन्यात मागच्या अंगणातल्या जुन्या न्हाणीघरात लोखंड कातायचा, टेबलावर मावेल असा एक जुना लेथ आणून ठेवला. पाणी तापवायचा बंब बाहेर गेला. बायको म्हणाली, "लोक निवृत्तीनंतर घर वाढवतात, तुम्ही कमी करताय."

इंजिन करताना मला जे कळलं ते तीस वर्षांत शिकवताना कळलं नव्हतं. उदाहरणार्थ, एवढ्या लहान इंजिनात पिस्टनला रिंग नसते. लोखंडाचा पिस्टन आणि पोलादाचा सिलिंडर एकमेकांत इतके नेमके बसवायचे की मधून हवा निसटू नये आणि तरी पिस्टन अडू नये. शिवाय सिलिंडर वरच्या टोकाला नावापुरता अरुंद लागतो. पिस्टन खालून बोटाने सहज सरकावा आणि वर पोचता पोचता हाताला घट्ट लागावा. हा फरक डोळ्याला दिसत नाही, केसापेक्षाही पुष्कळ कमी असतो. माझ्या टेबलावरच्या लेथला ते झेपणारं नव्हतं आणि मलाही नव्हतं. चार सिलिंडर मी भंगारात घातले, पाचव्याला मिस्त्रींची आठवण झाली.

माझ्या नोकरीची शेवटची बारा वर्षं सोनईत गेली. शाळेच्या प्रयोगशाळेतलं काहीही मोडलं की मी मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचो. त्यांची पहिली वीस वर्षं साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये गेली आणि पुढची वीस या शेडमध्ये. उसाच्या मोळीला दोरी लागते तसे आसपासच्या प्रत्येक मोटारीला, पंपाला, ट्रॅक्टरला कधी ना कधी मिस्त्री लागायचे. वय अडुसष्ट. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. मुलगा चाकणला कंपनीत, तो दर फोनला सांगायचा की आता पुरे, शेड बंद करा आणि इकडे या.

मी इंजिनाचं चित्र दाखवलं तेव्हा मिस्त्री बराच वेळ कागद लांब धरून, जवळ धरून बघत बसले. मग म्हणाले, "सर, हे करतो. पर एक सांगतो. ऑपरेशन झाल्यापासनं एवढं बारीक काम मी केलं न्हाई. बुश काढतो, शाफ्ट काढतो, ते कुनीबी काढंल. हे जमलं तर लेथ ठेवतो. न्हाई जमलं तर समजायचं डोळा गेला, आन पोराकडं जायाचं."

मी हसून म्हणालो, "म्हणजे माझं इंजिन तुमची परीक्षा."

ते हसले नाहीत. "व्हय," म्हणाले.

तीन आठवड्यांनी त्यांनी सिलिंडर आणि पिस्टन तेलाच्या कागदात गुंडाळून दिले. देताना सिलिंडर उलटा धरून पिस्टन त्याच्या खालच्या तोंडात ठेवला, तर तो घट्ट तुपात चमचा बुडावा तसा सावकाश खाली गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलावं असं त्यांना वाटत होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मी फक्त खिशात पुडी टाकली आणि घरी परतायला राहुरीची गाडी पकडायला निघालो.

आता इंधनाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण खरी भानगड तिथेच आहे. हे इंजिन पेट्रोलवर चालत नाही. मिथेनॉल नावाचं स्पिरिट चार भाग आणि एरंडेल एक भाग, हे त्याचं खाद्य. स्पिरिट जळतं आणि एरंडेल वंगणाचं काम करतं. ठिणगीचा प्लगही यात नसतो. त्याच्या जागी बारीक प्लॅटिनमच्या तारेचा प्लग असतो, ती तार सुरुवातीला बॅटरीने लाल करायची, मग इंजिन चालू झालं की जळणाच्या उष्णतेने ती आपोआप लाल राहते आणि पुढचा पेट देत राहते. मला ही युक्ती इतकी आवडली की दोन दिवस मी भेटेल त्याला ती समजावून सांगत होतो. दूधवाल्यालासुद्धा.

स्पिरिट मी पुण्याहून, विमानांची मॉडेलं करणाऱ्यांच्या दुकानातून आणलं. एरंडेल मात्र घरातच होतं. स्वयंपाकघराच्या माळ्यावर एक मोठी बाटली कायम असायची. औषधाच्या दुकानातली बाटली असते बोटाएवढी, तिने माझं काय होणार. मी स्टूल ठेवून मोठी बाटली उतरवली, हवं तेवढं तेल काढलं आणि बाटली परत जागेवर ठेवली. कुणाला विचारलं नाही. माझ्याच घरातल्या एरंडेलाला मी कशाला कुणाला विचारायचं, अशी माझी तेव्हाची वृत्ती होती. थोडीफार अजूनही आहे.

पहिल्या दिवशी इंजिन सुरू झालं तेव्हा मी खरोखर उडी मारली. साठाव्या वर्षी मारता येते तेवढीच. दहा सेकंदांनी ते बंद पडलं. पुन्हा दोरी, पुन्हा बॅटरी. या वेळी दोनच फट्फट्. नवा प्लग लावला, पुन्हा दहा सेकंद. आठवड्याभरात सहा प्लग गेले. एरंडेलाच्या धुराचा वास मात्र सगळ्या गल्लीत पोचला. लहानपणी आमच्या पिढीला पोट साफ व्हावं म्हणून नाक दाबून एरंडेल पाजत, त्यामुळे शेजारचे निवृत्त तलाठी कुंपणावरून म्हणाले, "सर, तुमचं यंत्र चालू झालं की आमच्या पोटात कळ येते."

मी विचार करायला बसलो. इंजिन गार असताना चालतं, तापलं की बंद पडतं. तापल्यावर लोखंड आणि पोलाद फुगतात. फुगल्यावर पिस्टनची सिलिंडरमधली बसणी बिघडत असेल, दाब निसटत असेल, म्हणजे सिलिंडर नीट गोल नाही किंवा वरचा अरुंदपणा चुकलाय. परदेशातल्या हौशी लोकांचे व्हिडिओ बघितले, त्यांतही हेच सांगितलं होतं. तर्क सरळ होता, मला तो फार आवडला. आवडलेल्या तर्काकडे मी पुन्हा वळून बघत नाही, हा माझा जुना दोष आहे.

इंजिन पिशवीत घालून मी सोनईला गेलो. शुक्रवार होता. मिस्त्री नुकतेच नमाज पढून आले होते, टोपी अजून डोक्यावर होती. मी इंजिन टेबलावर ठेवलं, दहा सेकंद चालवून दाखवलं आणि म्हणालो, "बसणी चुकलीय."

त्यांनी इंजिन खोललं. सिलिंडर पुसला. आतलं माप घ्यायची सरकती दांडी त्यात घातली, बाहेर काढली, मायक्रोमीटरमध्ये धरली, आकडा वाचला. वर, मध्ये, खाली. मग सिलिंडर फिरवून परत वर, मध्ये, खाली. पिस्टनचं माप घेतलं. सगळे आकडे खडूने टेबलावर लिहिले.

"मायक्रोमीटर तर बरोबर दाखवतोय सर," ते म्हणाले.

दीड तास बसमध्ये उभा राहून आलो होतो, वर ऊन. माझं डोकं तापलं होतं हे खरं. पण ते निमित्त झालं. मला माझा तर्क सोडायचा नव्हता. मी म्हणालो, "मग मायक्रोमीटर बिघडलाय. नाहीतर तुमचा डोळा. दोन्हीतलं एक काहीतरी आहे."

मिस्त्रींनी खडूचे आकडे तळव्याने पुसले. इंजिन जोडून दिलं, प्रत्येक स्क्रू नीट आवळून. चहा सांगितला होता तो आला, मी गाडी चुकेल म्हणून अर्धा टाकून निघालो. दाराशी त्यांनी विचारलं, "दुसरीकडून करून घेता का?" मी म्हणालो, "बघतो." असं बोललो याची आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती, तेव्हा मी शास्त्रीय दृष्टीने बोललो असं मला वाटत होतं.

पुढचे दोन महिने मी इंजिनाशी झगडत होतो. इंजिनाचं डोकं उघडून गॅस्केट बदललं. इंधनाची सुई बदलली. हवेचं तोंड मोठं केलं, मग लहान केलं. श्रीरामपूरच्या एका वर्कशॉपला नवा सिलिंडर विचारला, त्यांनी चित्र बघून असलं बारीक काम करत नाही असं सांगून परत दिलं. दर वेळी प्लग काढला की त्याच्या तारेवर पांढरट चकाकी दिसे. राख असेल म्हणून मी ती ब्रशने घासून टाकायचो. 'दिसलं ते आधी लिहून ठेवा, अर्थ नंतर लावा' असं मुलांना सांगून सांगून मी त्यांचे कान किटवले होते. माझ्या स्वतःच्या वहीत त्या पांढऱ्या चकाकीची एकसुद्धा नोंद नाही.

मग ऑगस्टमधल्या एका दुपारी, आभाळ भरून आलेलं, वीज गेलेली, मला शंका आली की स्पिरिटमध्ये पाणी शिरलंय. त्याची जुनी परीक्षा आहे. थोडंसं बशीत जाळायचं आणि मागे काय उरतं ते बघायचं. एरवी मी हे अंगणात उन्हात केलं असतं आणि ज्योत दिसलीच नसती, कारण मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. पण बाहेर पाऊस होता म्हणून न्हाणीघरातच, अंधारात, चिनी मातीच्या बशीत चमचाभर इंधन ओतलं आणि काडी लावली.

ज्योत हिरवी होती.

निळी हवी होती. एरंडेलामुळे फार तर पिवळट. ही मात्र कोवळ्या हरभऱ्यासारखी हिरवी, कडेला तर अगदी लख्ख. मी खाली वाकून बघत राहिलो. वीज आली तरी दिवा लावला नाही. कितीतरी महिन्यांनी मला इंजिनाचा राग विसरून नुसती गंमत वाटत होती. हिरवं काय जळतंय यात?

तांबं हिरवं जळतं. माझी इंधनाची नळी तांब्याची होती, म्हणून आधी तिच्यावर आळ घेतला. पण बशीतलं इंधन सरळ डब्यातून ओतलेलं होतं, नळीतून आलंच नव्हतं. मग नुसतं स्पिरिट जाळलं, निळं. औषधाच्या दुकानातून धावत जाऊन एरंडेलाची छोटी बाटली आणली, स्पिरिटमध्ये मिसळून जाळली, निळं-पिवळं. मग माळ्यावरच्या बाटलीतलं तेल मिसळून जाळलं. हिरवं. भिजलेल्या चपलांनी मी स्वयंपाकघरात गेलो आणि बाटली उजेडात धरली. तळाशी बोटभर पांढरा गाळ होता. बाटलीवर चिठ्ठी होती, बायकोच्या अक्षरात, 'डाळ'. दोन महिने मी ती चिठ्ठी बघत होतो. बाटलीत डाळ कोण ठेवतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"यात काय घातलंयस?" मी विचारलं.

बायको कणीक मळत होती. "बोरिक पावडर. उन्हाळ्यात वर्षाची तूरडाळ भरतो ना, तिला चोळायला. एरंडेल वेगळं, बोरिक वेगळं असं दोनदा कोण चोळत बसणार? मी बाटलीतच मिसळून ठेवते. कीड लागत नाही. खाताना धुऊनच घेतो आपण." मग तिने हात थांबवला. "तुम्ही यातलं घेत होता? तरीच म्हटलं, बाटली कमी कशी होते. मी झाकण गळतंय म्हणून दोनदा बदललं."

"सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत का?"

बोरिक पावडर स्पिरिटमध्ये विरघळते आणि जाळली की हिरवी जळते, हे मी दर वर्षी वर्गाला सांगत होतो. जळून तिची काच होते, हेही मला माहीत होतं. तीच काच दर वेळी दहा सेकंदांत प्लॅटिनमच्या तारेवर चढत होती. तार झाकली गेली की पेट बंद. म्हणजे इंजिन तापल्यामुळे बंद पडत नव्हतं, आणि सिलिंडरचा तर काही संबंधच नव्हता.

टाकी धुतली, नळी धुतली, नवा प्लग लावला, दुकानातल्या तेलाचं इंधन भरलं आणि दोरी ओढली. दहा सेकंद गेले. वीस गेले. मग मी मोजणं सोडलं. टाकी रिकामी होईपर्यंत इंजिन चाललं, एका सुरात, एकदाही न अडखळता. बायको हाताला कणीक तशीच घेऊन दारात येऊन उभी राहिली. आनंद तर झालाच. पण टाकी संपून शांत झालं तेव्हा पहिली गोष्ट मनात आली ती खडूचे आकडे पुसणारा तळवा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने सोनईला गेलो. फोनवर सांगता आलं असतं, पण ते फोनवर सांगायचं नव्हतं. शेड उघडी होती. मिस्त्री एका पंपाचा बुश काढत बसले होते. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाटली, बोरिक, हिरवी ज्योत, काच. शेवटी म्हणालो, "चूक माझी होती. तुमची बसणी अचूक होती, पहिल्या दिवसापासून."

"चालवा," एवढंच ते म्हणाले.

मी इंजिन टेबलाला आवळलं आणि चालवलं. मिस्त्री लेथला टेकून उभे राहिले. डोळे मिटलेले होते, मान थोडी कलती. टाकी संपेपर्यंत हलले नाहीत. समोरच्या गॅरेजमधली दोन माणसं येऊन बघून गेली. इंजिन थांबल्यावर मिस्त्रींनी जवळ येऊन त्याच्या गरम डोक्यावरून बोट फिरवलं आणि चटका बसला तसं काढून घेतलं.

"तुमचा डोळा शाबूत आहे मिस्त्री," मी म्हणालो. "मायक्रोमीटरही बरोबरच होता."

"व्हय." ते चिंधीला हात पुसत राहिले. "त्यो न्हाई आता."

"नाही म्हणजे?"

"भंगारवाला आल्ता, त्याला दिऊन टाकला." आवाजात तक्रार नव्हती. पंपाबद्दल सांगावं तसं ते सांगत होते. "तुमी म्हनला हुतात ना, ह्यो न्हाईतर डोळा, दोन्हीतलं एक. मी आठ दिस इचार केला. गेज बरोबर म्हनत हुता, पर तुमी शिकलेलं मानूस, तुमी चूक म्हनला. दोन्हीतलं एक टाकायचं हुतं. डोळा टाकता येत न्हाई सर, लेथ त्याच्यावर हाय. म्हनून गेज टाकला."

तो मायक्रोमीटर त्यांनी कारखान्यात लागल्यावर पहिल्या वर्षी घेतला होता, हे मला त्यांच्या शेजारच्या गॅरेजवाल्याने सांगितलं. मिस्त्रींनी सांगितलं नाही. त्याच दुपारी मी गावातल्या भंगाराच्या दुकानात गेलो. दुकानदाराने ढीग दाखवला, मी तासभर हात काळे करून शोधलं. जुना माल दर पंधरवड्याला ट्रकने जालन्याला जातो, वितळवायला, असं तो म्हणाला. मिस्त्रींना हे कळलं तेव्हा त्यांनी मला हात धुवायला साबण दिला.

मिस्त्रींनी लेथ ठेवला. मुलाला फोनवर तसं सांगताना मी तिथेच होतो. पुढच्या आठवड्यात मी पुण्याहून नवा मायक्रोमीटर नेऊन दिला, आकडे पडद्यावर दाखवणारा, चांगल्यातला. त्यांनी तो डोक्याला लावून घेतला आणि आता तोच वापरतात. बारीक कामंही पुन्हा घेतात, माझ्या दुसऱ्या इंजिनाचा सिलिंडर त्यांनीच केला. मी शेजारी बसून बघत होतो. मिस्त्री प्रत्येक माप दोनदा घेत होते, आणि दुसऱ्यांदा घेतल्यावर माझ्याकडे बघत होते.